चहा कोण आणतं? कौटुंबिक चित्रपटातलं प्रतिनिधित्व तपासायला शिकताना

दादरला प्लाझाचा शो सुटला की पायऱ्यांवर साधारण दोनच अभिप्राय ऐकू येतात. ‘छान होता, घरच्यांना घेऊन बघण्यासारखा,’ आणि ‘रडवलं गं बाई.’ दोन्ही खरेच असतात. पण ज्यांना चित्रपटावर लिहायचंय, फिल्म सोसायटीच्या चर्चेत तोंड उघडायचंय किंवा कॉलेजच्या महोत्सवात परीक्षक म्हणून बसायचंय, त्यांच्यासाठी तिसराही एक प्रश्न असतो. पडद्यावरच्या त्या घरात कोण कोण होतं, आणि त्यातल्या कुणाला चित्रपटाने घरातलं धरलं होतं?

नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींची टिपणं मी अधूनमधून वाचून देते. दर तिसऱ्या टिपणात एक वाक्य ठरलेलं: ‘चित्रपटात वैविध्याचा अभाव जाणवतो.’ हे वाक्य हवामानाच्या अंदाजातल्या ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’सारखं आहे. चुकत कधीच नाही, पण छत्री घ्यायची की नाही तेही कळत नाही. कुणाचा अभाव? कोणत्या प्रसंगात? आणि ते माणूस तिथे असतं तर गोष्टीत काय बदललं असतं? हे सांगता यावं म्हणून मी एक रीत वापरते, ती इथे सांगते. विद्यापीठात शिकवतात तशी ही नाही. एक वही, एक पेन आणि थोडा चोंबडेपणा एवढ्यावर भागतं.

आधी वही घरीच ठेवा

पहिल्यांदा चित्रपट नुसता बघा. रडू आलं तर रडा. मांडीवर वही घेऊन बघितला की प्रसंग अंगावर येतच नाही, आपण नुसते पुराव्याच्या मागे लागतो.

घरी आल्यावर मात्र झोपायच्या आधी एका कागदावर आठवतील तेवढी पात्रं लिहून काढा, नावासकट. नाव आठवलं नाही तर ‘निळ्या साडीतली मावशी’, ‘लिफ्टमनकाका’ असं लिहा. हा कागद जपून ठेवा. दुसऱ्यांदा बघताना कळतं की ते नाव तुम्ही विसरला होतात, की चित्रपटाने दिलंच नव्हतं. मावशीला अडीच तासांत कुणी नावाने हाक मारली नसेल, तर तुमचं पहिलं टिपण आयतंच हातात आलं.

दुसरी फेरी ओटीटीवर, थांबवत थांबवत. दोनदा थिएटरचं तिकीट काढण्याइतकं मानधन मराठीत लिहिणाऱ्याला कुणी देत नाही.

घराचा पत्ता आणि भाडं

पात्रांच्या आधी घर बघा. कुठल्या भागात आहे, किती मोठं आहे आणि ते कुणाच्या पगारावर चाललंय? मुंबईतल्या गोष्टीत हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. वरळीत पहिल्या काही कुटुंबांना २०२५ मध्ये चाव्याही मिळाल्या. आता १६० फुटांत आईवडील, दोन भाऊ, त्यांतल्या एकाची बायको आणि गावाहून परीक्षेला आलेला पुतण्या राहत असतील, तर भांडण कसं होईल? हळू आवाजात होईल. दात-ओठ खाऊन, भांडी आपटून, पण शब्द गिळून, कारण भिंतीपलीकडे पाटकरकाकू जाग्या आहेत. पडद्यावरच्या चाळीत मात्र माणसं छाती फुटेस्तोवर ओरडतात आणि त्यांच्याभोवती कॅमेरा गोल फिरून येतो. कॅमेऱ्याला गोल फिरता आलं म्हणजे ती खोली सेटवर उभी केलेली आहे एवढंच नव्हे. त्या खोलीत राहणाऱ्या माणसांचा स्वभावही सेटवरच तयार झालाय.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट बघा. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतले १०० पैकी ४० हून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. त्या घरांतही सासू-सून असतात, मुलाचं लग्न जमत नाही, म्हाताऱ्याच्या औषधावरून कुरबुर होते, थोरली बहीण धाकट्याची फी भरते. म्हणजे कौटुंबिक चित्रपटाचा सगळा मसाला तिथे आहे. पण अशा घरावर चित्रपट निघाला की पोस्टरवर आणि परीक्षणात तो ‘सामाजिक’ होतो, ‘वास्तववादी’ होतो, ‘दाहक’ तर हमखास होतो. ‘कौटुंबिक’ हे विशेषण मात्र दोन बेडरूमच्या वरच राखून ठेवल्यासारखं वापरलं जातं. तुम्ही लिहायला लागाल तेव्हा हा शब्द कुठे आणि कुणासाठी वापरता, यावर आपलं आपणच लक्ष ठेवा.

डोकी मोजा, पण लवकर उरका

आकडेमोडीची सर्वांत प्रसिद्ध कसोटी बेक्डेल यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधल्या एका चित्रपट्टीत ती आली. कल्पना आपली मैत्रीण लिझ वॉलेस हिची, असं त्या स्वतःच सांगतात. चित्रपटात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी असावं, एवढीच अट.

पाठलागाच्या आणि मारामारीच्या चित्रपटांना ही अट जड जाते. आपल्या कौटुंबिक चित्रपटाला नाही. दोन जावा मेथी निवडत बसतात, एक म्हणते, ‘यंदा भाजी केवढी महाग झालीय,’ दुसरी म्हणते, ‘हो ना,’ आणि चित्रपट पास. म्हणजे ही चाळणी आपल्या धान्याला मोठ्या भोकांची पडते. एकदा लावून बघा आणि बाजूला ठेवा.

त्यापेक्षा पात्रांच्या यादीपुढे चार रकाने आखा. नाव आहे का, स्वतःचं म्हणून एखादं वाक्य आहे का, पोटापाण्याचं काय, आणि या घराच्या बाहेरचं आयुष्य दिसतं का. पहिले तीन रकाने भराभर भरतात. चौथ्यात पेन अडखळतं. सून बँकेत आहे असं आपल्याला सांगितलेलं असतं, पण ती बँकेत बसलेली एकदाही दिसत नाही. ती कायम बँकेतून आलेली तरी असते, नाहीतर निघालेली. मुलाचं ऑफिस, त्याचा बॉस, त्याचा सिगरेट ओढणारा दोस्त हे सगळं आपल्या ओळखीचं होतं. आईचं तर काय, तिला मैत्रीण असते हे पटकथेला सहसा भिशी किंवा सहल आली की आठवतं.

एक प्रसंग जवळून

आता खरं काम. कोणताही चार मिनिटांचा घरगुती प्रसंग निवडा, शक्यतो ज्यात सगळे हॉलमध्ये जमलेत असा. नमुन्यादाखल मी एक रचते. कुठल्या चित्रपटातला नाही, पण बघितल्यासारखा वाटेल.

गिरगावातलं जुनं घर. बिल्डरने कागद पाठवलेत. आई खुर्चीत. थोरले अण्णा, बंगळुरूहून आलेला मधला, ठाण्याहून आलेली धाकटी नीता, आणि अण्णांची बायको.

‘आईचं आता वय झालं. निर्णय घ्यायलाच हवा,’ अण्णा म्हणतात.

‘माझं काही नाही रे, मला सहीपुरतं सांग,’ मधला मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो.

‘चहा टाकू का?’ वहिनी.

आतून छायाबाई ट्रे घेऊन येतात, टीपॉयवर ठेवतात, जातात.

‘दादा, मला पण जरा बोलायचंय,’ नीता.

‘बोल की. पण आधी चहा घे, गार होतोय.’

नवीन माणूस लिहितो: प्रसंगात चार स्त्रिया, दोन पुरुष, स्त्रियांना चांगलं स्थान. आता परत बघा, या वेळी फक्त चहाकडे. ‘टाकू का’ वहिनींनी विचारलं, टाकला छायाबाईंनी. ट्रेमध्ये कप किती? पाच. म्हणजे छायाबाईंचा कप त्यात नाही. तो आत, ओट्याच्या कोपऱ्यात, बाकीच्या कपांपासून लांब उपडा घातलेला असणार. आई एक अक्षर बोललेली नाही, आणि घर तिचं आहे. नीताचं वाक्य चहाने खाल्लं. प्रेमाने खाल्लं, हेच त्यातलं कसब आहे.

इथे बरेच जण घाईने निकाल देतात: चित्रपट पुरुषप्रधान आहे. थांबा. घर पुरुषप्रधान आहे हे दिसलं. चित्रपटही तसाच आहे का, हे अजून कळायचंय. त्यासाठी अण्णांच्या ‘गार होतोय’ नंतरचा कट बघा. कट नीताच्या चेहऱ्यावर गेला, ती कप उचलते आणि न पिता हातात धरून बसते, असं दिसलं तर दिग्दर्शकाला सगळं समजलंय. कट अण्णांवरच राहिला, मागे हळूच बासरी सुरू झाली आणि आपल्याला वाटायला लावलं की बघा, घर बांधून ठेवणारा माणूस किती एकटा पडलाय, तर बासरीवाला कुणाच्या बाजूने आहे ते वहीत लिहा. उपड्या कपाचंही तेच. तो कप एकदा, अर्धा सेकंद का होईना, मुद्दाम दाखवला तर चित्रपट त्याबद्दल बोलतोय. दाखवलाच नाही तर बहुधा कुणाच्या लक्षातच आलेलं नाही.

छायाबाईंसाठी एक वेगळं पान ठेवा, खरंच. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे, म्हणजे सरकारदरबारी ही बाई कामगार आहे. पडद्यावर मात्र ती ‘घरच्यासारखी’ असते. हा शब्द ऐकला की कान टवकारा. घरच्यासारखी म्हणजे तिला सुट्टी किती? तिची स्वतःची मुलं या वेळी कुणाकडे आहेत? ती कितीची लोकल पकडते? यांतल्या एका प्रश्नाचं उत्तर जरी चित्रपटात सापडलं, तरी तो सरासरीपेक्षा पुढे आहे असं मी मानते.

सही आणि दार

घर विकणं, जमिनीची वाटणी, पुनर्विकास. आपल्या कौटुंबिक चित्रपटांचं अर्धं इंधन हेच आहे, आणि तरी बहिणीची सही हा विषय लेखक मंडळी फार चटकन उरकतात. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली. देशभर ती २००५ मध्ये आली. तेव्हा आज घडणाऱ्या गोष्टीत ‘ती काय, लग्न होऊन गेली’ असं म्हणून पटकथेला पुढे जाता येत नाही. निदान हक्कसोडपत्र तरी आणावं लागतं.

तो प्रसंग आला की रुमाल खाली ठेवा आणि बघा. बहिणीला विचारलं, की कळवलं? तिने कागद वाचला का? सही केल्यावर सगळे गहिवरले, भावाने डोक्यावरून हात फिरवला, माहेर कायम उघडं आहे असं सांगितलं आणि एक पैठणी दिली, तर तिच्या वाट्याची किंमत पटकथेने एका पैठणीएवढी धरली. मोठ्या मनाची बहीण प्रेक्षकाला आवडते, तक्रार नाही. पण मोठं मन दाखवायची पाळी दर वेळी तिच्यावरच का येते, हे विचारणं तुमचं काम आहे.

दाराचा प्रश्न त्याहून साधा. या घरात कुणाला दार लावून घेता येतं? खाजगी फोन कोण कुठे करतं? मुलगा खोलीत, वडील गॅलरीत, मुलगी जिन्यात, आणि आजी करतच नाही. एवढी चार टिपणं झाली तरी घराची उतरंड कागदावर उतरते.

डोळे मिटून ऐका

मराठी चित्रपटाची परीक्षा खरं तर कानाने घ्यावी. मध्यंतरानंतरची पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. बोलीवरून पात्राचा पगार ओळखता आला, तर तसं लिहून ठेवा. वकील, डॉक्टर, नायिकेचे बाबा प्रमाण मराठीत. स्वयंपाकी मालवणीत. गावाकडून आलेला काका वऱ्हाडीत, आणि तो बोलला की हशा ठरलेला. आगरी बोलणारा हटकून जमीन विकून गाडी घेतलेला. नवी मुंबईच्या कॉलेजांत आगरी प्राध्यापक आहेत, मालवणी बोलणारे सर्जन परळच्या इस्पितळांत आहेत आणि घरी आईशी ते तसंच बोलतात. बोली विनोदासाठी वापरू नये असं मी म्हणत नाही, मालवणीत विनोद सुचत नसेल तर भाषा घेऊन करायचं काय! विनोद ती बोली बोलणारा करतोय, की त्याच्या बोलण्यावर केला जातोय, एवढंच बघायचं.

मुसलमान कुटुंब आलं की कान आणखी उघडे ठेवा. रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुसलमान घरांत चुलीपाशी कोकणीच चालते. मुंबईत त्यांच्या पिढ्या गेल्या. पडद्यावर तेच कुटुंब दारातून आत येता येता लखनवी होऊन जातं. ख्रिस्ती शेजारी असेल तर तो गोव्याचाच, आणि ‘काय मॅन’ म्हणणारा. वसई, गोराई, उत्तन, वांद्रे इथले ईस्ट इंडियन लोक मराठीचीच एक बोली बोलतात, लग्नात मराठी गाणी म्हणतात, हे लेखकाला ठाऊक असतं तर त्या शेजाऱ्याला कितीतरी चांगले संवाद मिळाले असते. बेने इस्रायली ज्यूंचंही तसंच. त्यांचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ चं, मशीद बंदरच्या बाजूला. घरची भाषा मराठी. या घरांतही मुलींची लग्नं जमतात आणि मोडतात, भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाही. कथेला आणखी काय लागतं?

एक फजिती, माझीच

काही वर्षांपूर्वी एका चित्रपटाबद्दल मी ‘कोळी कुटुंबजीवनाचं अस्सल दर्शन’ असं लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी वरळी कोळीवाड्यात वाढलेल्या मैत्रिणीचा फोन.

‘तू कधी पहाटे ससून डॉकला गेलीयेस?’

गेले नव्हते. मग ती घेऊन गेली. १८७५ सालचा तो धक्का, अजून उजाडलेलं नाही, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात बर्फाचे चुरे, टोपल्यांवर टोपल्या, पायाखाली चिकचिक, आणि लिलावाचा गलका. भाव करणाऱ्या, भाव पाडणाऱ्या, नोटा मोजून कमरेच्या पिशवीत खुपसणाऱ्या सगळीकडे बायका. पुरुष मासळी उतरवून देत होते. माझ्या मैत्रिणीची आई डिझेलचा खर्च, बर्फाचा खर्च, खलाशांची मजुरी सगळं तोंडावर सांगते म्हणे, वहीबिही काही नाही.

आणि मी वाखाणलेल्या चित्रपटात? तिथल्या बायका अंगभर दागिने घालून किनाऱ्यावर नवऱ्याच्या होडीची वाट बघत उभ्या होत्या. दोनदा नाचल्या.

‘वाट बघायला आमच्यात वेळ कुणाला असतो गं?’ मैत्रीण म्हणाली. तिने चहा पाजला, माझी चप्पल मात्र तीन दिवस वास मारत होती.

तेव्हापासून एक नियम केला. पोशाख, दागिने, गाणं आणि सण या चार गोष्टींवरून ‘अस्सल’ हा शब्द वापरायचा नाही. काम आणि पैसा यांचे व्यवहार बरोबर दाखवलेत का ते बघायचं. आणि ते आपल्याला माहीत नसतील तर ज्याला माहीत आहेत त्याला टिपण आधी दाखवायचं. अर्थात एका माणसाला विचारलं म्हणजे सगळ्या समाजाचा शिक्का मिळाला असंही नाही. माझ्या मैत्रिणीचीच धाकटी बहीण तो चित्रपट आवडीने दोनदा बघून आली होती.

आडनावं, भिंत आणि कॅलेंडर

जातीबद्दल कौटुंबिक चित्रपट सहसा गप्प असतो, म्हणून पुरावे आडबाजूला शोधावे लागतात. आडनावांची यादी करा. नायकाची, शेजाऱ्याची, पोलिसाची, गुंडाची. मग भिंती बघा. मुंबईत असंख्य घरांच्या दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात. पडद्यावरच्या दिवाणखान्यात ते किती वेळा दिसले? दिसले तर त्या घरात फक्त अन्यायच घडतो, की कधी कुणाची साखरपुड्याची खरेदीही होते?

सर्वांत सोपी युक्ती कॅलेंडरची. चित्रपट दादरमध्ये वर्षभर घडतो. गणपती येतात, दिवाळी येते, गुढी उभी राहते. आणि ६ डिसेंबर? त्या दिवशी चैत्यभूमीला लाखोंनी माणसं येतात, शिवाजी पार्क भरून जातं, पुस्तकांचे स्टॉल लागतात, लोकलला पाय ठेवायला जागा नसते. दादरच्या कुठल्याही घराला, मग ते कुणाचंही असो, हा दिवस जाणवल्याशिवाय राहत नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचंही तेच. चित्रपटाच्या दादरमध्ये हे दोन दिवस उगवतच नसतील, तर ते दादर अर्धंच आहे.

पण इथेच एक सावधगिरी. गोष्ट एका घराची असेल तर ती त्या घराचीच राहू द्या. कोकणस्थ कुटुंबाच्या कथेत प्रत्येक समाजाचा एकेक नमुना हवा अशी मागणी केली, तर हाती चित्रपट लागत नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं ‘विविधतेत एकता’ लागतं. आपण एका घराची, एका थराची गोष्ट सांगतोय हे चित्रपटाला माहीत आहे का, की ‘मराठी घर म्हणजे हेच’ असं त्याला मनापासून वाटतंय, हे तपासा. जाहिरातीत ‘प्रत्येक मराठी माणसाची गोष्ट’ असं छापलं असेल, तर तो दावा मात्र बिनदिक्कत तपासायला घ्यावा.

व्हीलचेअर, मामेभाऊ आणि शेवटची पाटी

अपंग पात्रासाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या एका निकालाचा फार उपयोग होतो. पडद्यावरच्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल न्यायालयाने काही मार्गदर्शक सूत्रं सांगितली. अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद, असा फरकही केला. कायद्याने २०१६ पासून अपंगत्वाचे २१ प्रकार मानलेत. पडद्यावर मात्र व्हीलचेअर आणि काळा चष्मा यांपलीकडे गाडी क्वचित जाते. माझ्यापुरते प्रश्न तीनच. त्या पात्राला राग येतो का? ते कधी चुकीचं, स्वार्थी वागतं का? आणि शेवटी नायकाच्या पुण्याईने ते बरं तर होत नाही ना?

समलिंगी पात्र कौटुंबिक चित्रपटात बहुधा मामेभाऊ असतो, कपड्यांची निवड चांगली असलेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. ‘घरात सांगणं’ हा प्रसंग आता चित्रपटांत येतोही. मी त्याच्यानंतरचा प्रसंग शोधते. सांगून झाल्यावर पुढच्या भाऊबीजेला तो घरी असतो, की पटकथा त्याला लंडनला पाठवून देते?

आणि पाट्या सुरू झाल्या की उठू नका. संवाद कुणाचे, बोलीसाठी कुणाची मदत घेतली, कलाकारांची निवड कुणी केली, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांची कथा होती आणि मोठेपणीची भूमिका त्यांनी स्वतःच केली. हे करता येतं, एवढं त्या एका श्रेयावरून सिद्ध होतं. ‘तसा कलाकार मिळाला नाही’ असं कुणी मुलाखतीत म्हणालं, तर शोधायला किती दिवस दिले होते ते विचारा. जमल्यास हेही बघा की बहिऱ्या प्रेक्षकासाठी सबटायटल्स आणि अंध प्रेक्षकासाठी ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते सांगणारा आवाज, आहे का. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने त्याची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२४ मध्ये काढली आहेत.

लिहायला बसताना

वहीतलं सगळं लेखात ओतू नका. दहा टिपणांतली तीन घ्या, प्रत्येकाला प्रसंगाचा पुरावा जोडा. प्रतिनिधित्वाला वेगळे तारे देऊ नका; पाचापैकी साडेतीन छायाबाई म्हणजे काय? अभिनय, संगीत आवडलं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. मला कित्येक चित्रपट आवडतात ज्यांच्यावर वहीत चार पानं तक्रारी आहेत.

मी रचलेल्या त्या गिरगावच्या चित्रपटावर मी साधारण असं लिहिलं असतं: ‘घर आईचं आहे, पण मध्यंतरापर्यंत तिला त्याबद्दल एकही वाक्य नाही. नीता दोनदा बोलायला तोंड उघडते. एकदा चहा आडवा येतो, एकदा अण्णांचा रक्तदाब. तिसऱ्यांदा ती थेट हक्कसोडपत्रावर सही करते आणि चित्रपट तिला शाबासकी देतो. छायाबाईंचा ट्रे पाच वेळा येतो. शेवटच्या वेळी, घर रिकामं होताना, कॅमेरा ओट्यावरच्या त्या एकट्या कपावर थांबतो आणि वाटतं, दिग्दर्शकाला आता तरी दिसलं. पण सामान भरणारी माणसं तो कप उचलतात आणि ट्रकमध्ये टाकतात. छायाबाई उद्यापासून कुठे कामाला जाणार, हे कुणीच विचारत नाही.’

हे लिहून झालं की मजकूर अशा कुणाला तरी वाचून दाखवा ज्याने चित्रपट बघितलेला नाही. ‘मग छायाबाई गेल्या कुठे?’ असं त्याने विचारलं, तर पाठवून द्या.